निजलेल्या गोगलगायी

माझ्यानंतर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा झाला, की तांबोळकर सर भिंग स्पिरिटनं पुसायचे. इतरांनंतर नाही. विद्यापीठात ते माझे गाईड होते. त्यांच्याविषयी गोड बोलणं मला जमणार नाही.

गोगलगायीच्या मेंदूत सेरोटोनिन हे रसायन ओळखणारा रिसेप्टर असतो का, हा आमचा विषय. मेंदूच्या पेशीवर सेरोटोनिनचा थेंब टाकायचा आणि यंत्राचा काटा हलतो का बघायचं; हलला, तर रिसेप्टर आहे. सरांचा हात लई सफाईदार. एवढासा मेंदू अख्खा सोडवायचे, तेवढं कबूल करतो. तोंड मात्र कडू. मी मोर्चाहून परतलो की म्हणायचे, "या, झालं का नामांतर? तुम्हा लोकांना घोषणा येतात, नोंदी येत नाहीत."

एका उन्हाळ्यात आंदोलन पेटलं आणि विद्यापीठ महिनाभर बंद राहिलं. उघडलं तेव्हा पेटीतली माती कोरडी ठणठणीत आणि गोगलगायी शंखाचं तोंड लिंपून बसलेल्या. सरांनी तशाच फोडल्या. काटा हलेना.

"सर, ह्या निजल्यात. आमच्या पिशोरला बांधावर उन्हाळ्यात अशाच बसतात. दोन-तीन दिवस ओल द्या, मग बघा."

"शेतातलं शहाणपण शेतात ठेव," सर म्हणाले, आणि 'या गोगलगायीत रिसेप्टर नाही' असा निबंध छापून मोकळे झाले.

मी उरलेल्या दहा गोगलगायी ओल्या गोणपाटात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी काटा हलला. आलेख दाखवला, तर सरांनी घडी करून खिशात घातला. पुढं बाहेरच्या लोकांना तो रिसेप्टर सापडला, त्याचं जनुकही सापडलं, आणि विद्यापीठानं सरांना जाब विचारला. त्यांनी लिहून दिलं, की नोंदी ह्या विद्यार्थ्याच्या आणि हलगर्जीही त्याचीच. माझी पीएचडी गेली. मी चितेगावच्या एका कारखान्यात रसायनं तपासायला लागलो.

बऱ्याच वर्षांनी सर अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी बोलावणं धाडलं. हळूच म्हणाले, "तुझं बरोबर होतं रे."

"लिहून द्या, सर." मी कागद पुढं केला.

"आता कशाला उकरतोस? आपल्या दोघांत राहू दे."

आठवड्यानं ते गेले. शोकसभेत सगळे त्यांच्या सचोटीवर बोलले. मी मध्येच उठून आलो. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. का बोलू नये? विद्यापीठाच्या कपाटात त्यांच्या सहीचा तो कागद अजून आहे, आणि त्यात हलगर्जी मीच आहे.