मालतीअक्कांचे ससे

दुपारचे तीन. बसवनगुडीतली एक प्रयोगशाळा. टेबलावर गोळी दिलेला ससा, समोर डॉ. मालती कुलकर्णी. मी टाळी वाजवली. सशानं कानही हलवला नाही!

बातमीदारकीत बातम्या शिळ्या होतात, किस्से साचत जातात. माझ्याकडचे निम्मे या धारवाडच्या बाईंचे. सगळे त्यांना अक्का म्हणत.

साठ सालच्या आगेमागे सर्पगंधेपासून केलेली गोळी घबराटीवर सर्रास देत. अक्कांना सशांत दिसलं की, तिनं मेंदूतलं सेरोटोनिन जवळजवळ संपतं. सेरोटोनिन म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन.

"ही गोळी मनातलं भांडण मिटवत नाही," अक्का म्हणाल्या, "टपालच बंद करते!"

* * *

ते मोजायची रीत अजब. उंदराच्या जठराची पट्टी कोमट द्रावणात टांगायची आणि त्यात सशाच्या मेंदूचा अर्क टाकायचा. सेरोटोनिन असेल तर पट्टी आकसते, सुई काजळी धरलेल्या कागदावर रेघ चढवते.

एकदा मंत्री आले. संस्थेच्या संचालकसाहेबांनी हौसेनं स्वतः पट्टी बांधली. गोळी दिलेल्या सशाचा अर्क. रेघ सपाट राहायला हवी. ती भराभर चढली!

अक्कांनी विचारलं, "सर, केळं खाल्लंत?"

"एकच. छोटंसं येलक्की."

"हात धुतलेत?"

साहेबांनी हात पाठीमागे नेले.

"मग हे सशाचं नव्हे. केळ्यातही सेरोटोनिन असतं!"

मंत्री खूश. "मग रोग्यांना केळीच द्या की!"

"द्या. पोट भरेल. केळ्यातलं मेंदूत शिरत नाही."

* * *

शेजारच्या गल्लीतले रंगप्पा ही गोळी घेत. घरचे आनंदात: "आता ओरडत नाहीत!" अक्का बघायला गेल्या. ताट समोर, हात मांडीवर, नजर भिंतीवर.

"हे शांत नाहीत, विझलेत."

त्यांनी डॉक्टरांशी भांडून गोळी बंद करवली. काही आठवड्यांनी रंगप्पांची बायको धावत आली, डोळ्यांत पाणी.

"अक्का, सांबारात मीठ कमी म्हणून ओरडले!"

* * *

मग अक्कांनी एकच हट्ट धरला: बाटलीवर एक ओळ छापा. 'रोगी उदास झाल्यास डॉक्टरांना ताबडतोब कळवा.' असे आणखी रंगप्पा कुठे भिंतीकडे बघत बसले असतील, या विचारानं त्यांना चैन नव्हती.

बैठकीला साहेब होते, सरकारी खात्याचे अधिकारी होते, औषध कंपनीचा माणूस होता. मी कोपऱ्यात.

कंपनीवाला हसला. "मॅडम, माणसं घरच्या कटकटीनं उदास होतात. गोळीचा काय दोष?"

"बरं. सशाला कसली कटकट? सासूची?"

अधिकारीसुद्धा हसले. कंपनीवाल्यानं मान डोलावली. "सरी, ठीक आहे, छापतो." सगळ्यांसमोर ठरलं.

नवीन बाटल्या दुकानात आल्या. ओळ नव्हती!

मी कंपनीत गेलो. "संस्थेनं काढायला सांगितली." संस्थेत गेलो. साहेब म्हणाले, "खात्यानं." खात्यात गेलो. "कंपनीला विचारा."

पुढे अक्का वारल्या, साहेबही वारले, ती कंपनीही बंद पडली. ओळ कोणी काढली, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.