फुकटचा पुडा

सरकारी दवाखान्याच्या आवारात काल एका बाईने बिस्किटांचा खोका कारखानदार शेटजींच्या तोंडावर मारला. नाकातून रक्ताची धार लागली आणि त्यांचा पांढरा सदरा लाल झाला.

मी वडिलांना घेऊन त्यांची साखर तपासायला गेलो होतो. आवारात मधुमेह शिबिराचा मंडप होता; तिथे आहारतज्ज्ञ बाई माईकवरून सांगत होत्या, "तूप बंद करा, ही पौष्टिक बिस्किटं खा." बिस्किटं शेटजींच्याच कारखान्यातली. रुग्णांना दान म्हणून ते ती वाटत होते. रांगेतल्या त्या बाईच्या हातात पुडा देऊन ते म्हणाले, "मावशी, फोटोसाठी जरा हसा."

"साखरेनं माझ्या माणसाचा पाय कापलाय आज! आन् तुम्ही गोड वाटताय?" ती किंचाळली आणि तिने शेजारचा भरलेला खोका उचलला.

रखवालदारांनी तिला केसांना धरून फरफटत नेलं. बांगड्या फुटून मनगटात रुतल्या.

लहानपणी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असे, तूप सोडा, डालडा खा. पुढे डालडाही वाईट ठरला. दर वेळी कुणाचं तरी गोदाम रिकामं झालं आणि आमची पोटं भरली. या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात. इथे ते कॅमेऱ्याला आधी कळतं.

फाटकाबाहेर ती रक्ताळलेलं मनगट धरून बसली होती. डॉक्टरांपुढे कधी मान वर न करणारे माझे वडील तिच्याशेजारी मातीत बसले आणि त्यांनी विचारलं, "जेवलीस का गं, बाई?"

तेव्हा कुठे ती रडली.