मामाची चौकट

माझा मामा औषधांच्या खोक्यात घडी घालून टाकतात ती माहितीपत्रकं छपाईसाठी पानात लावायचा. एकतीस वर्षं एकाच छापखान्यात, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर. मला तिथे चिकटवलं त्यानेच, आणि त्याच्या पोटावर पाय दिला मी. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही.

साहेबांना नवी पद्धत हवी होती. मजकूर एक्सएमएलच्या फाइलीत नुसता ठेवायचा, तुकड्यातुकड्यावर तो काय आहे याची खूण घालून: हे शीर्षक, हा डोस. तो दिसेल कसा, हे सगळं दुसऱ्या फाइलीत. दोन्ही जोडल्या की बटणासरशी पीडीएफ तयार. ती दुसरी फाइल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला कळत होतं कपाळ. मी मामाशेजारी खुर्ची ओढली.

"शीर्षकाखाली किती जागा सोडतोस?"

"दीड ओळ. आणि एकटी ओळ पुढच्या पानावर ढकलायची नाही, बिचारी अनाथ दिसते."

चार महिने तो सांगत गेला, मी लिहीत गेले. शेवटी म्हणाला, "धोक्याच्या ओळीला चौकट मी वाचून, हाताने काढतो. मजकुरात तसं कुठे लिहिलेलं नसतं. तिची वेगळी खूण कर, विसरू नकोस."

मी विसरले.

पहिली पत्रकं छापून आली, तर 'लहान मुलांना देऊ नये' ही ओळ चौकटीविना साठवणुकीच्या सूचनांत निमूट बसलेली. गठ्ठे बाहेर पडण्याआधी मामानेच ती पकडली. बक्षीस म्हणून साहेबांनी त्यालाच समोर उभं केलं.

"एवढी वर्षं मजकूर आणि सजावट यांची खिचडी करत होतात तुम्ही. धोका आहे हे मजकुरातच नोंदवायला नको?"

मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मिठाची गुळणी धरून बसले. नोकरी नवी होती, घरी आई माझ्यावर अवलंबून होती; कारणं काय, शोधली की सापडतात. त्याने माझं नाव घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर सख्खी भाची.

महिनाअखेर त्याला निरोपाचं पत्र मिळालं, नव्या पद्धतीने काढलेलं. बटण मीच दाबलं होतं. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, शीर्षकाखाली अंगठा ठेवून जागा मापली.

"दीड ओळ," तो म्हणाला. "नीट शिकलीस."

टेबलाची किल्ली माझ्यापुढे ठेवून तो गेला. चौकटीची खूण मी त्याने बोलणी खाल्ली त्या दिवशी संध्याकाळीच घालून टाकली होती. दहा मिनिटांचं काम निघालं.