दुपारचं विणकाम आणि लेकीचे कान

मुलगी दीड वर्षाची असताना नवऱ्याची भोपाळच्या कारखान्यात बदली झाली आणि आम्ही पुण्याहून तिथल्या टाउनशिपमध्ये राहायला आलो. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे छोटं अंगण, अंगणात पेरूचं झाड. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली दिसायच्या, आणि त्या गेल्या की संध्याकाळपर्यंत वसाहत बायकांची आणि मुलांची असायची.

पहिल्याच थंडीत मुलीनं अंथरूण धरलं. आधी सर्दी-ताप, मग जुलाब, त्यातून जरा उठते तोवर खोकला. ही थंडी पुण्यासारखी नव्हती. सकाळी फरशीवर पाय ठेवला की तळवे बधिर व्हायचे. तिचे दोन्ही विकतचे स्वेटर पुरे पडत नव्हते. एक दोरीवर ओला असायचा, दुसऱ्यावर औषध सांडलेलं असायचं.

शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा गोड आणि निम्मं हिंदीत भिजलेलं. एक दिवस त्या लोखंडी सुयांची जोडी घेऊनच आमच्याकडे आल्या.

"किती दिवस बाजारातले घालत राहाल? विणायला शिकून घ्या. काही मुश्किल नाहीये," त्या म्हणाल्या.

"मला दात घासायलासुद्धा ही सोडत नाही, वहिनी."

"दुपारी झोपते ना? तेव्हा काय करता?"

"कपडे धुते."

"कपडे नंतर धुवा. आधी फंदे घाला."

टाक्यांना त्या फंदे म्हणायच्या. त्याच दुपारी त्यांनी माझ्याकडून सुईवर टाके घालून घेतले आणि सुलट-उलट शिकवलं. माझी पहिली पट्टी मध्येच फुगलेली आणि शेवटी निमुळती अशी झाली. वहिनींनी ती उसवली आणि म्हणाल्या, "आता पुन्हा." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दिवसभर मी जे काही करत होते ते पुन्हा मळत होतं, सांडत होतं, खाऊन संपत होतं. सुईवरची ओळ मात्र दुसऱ्या दिवशी उघडून बघितली तरी होती तिथेच असायची.

मग मला त्याचा नादच लागला. अशोका गार्डनमधल्या एका दुकानातून शेंदरी लोकर आणली आणि मुलीसाठी पुढून बटणांचा, वेणीच्या नक्षीचा स्वेटर विणायला घेतला. नवशिकीनं वेणीच्या वाटेला जाऊ नये, असं वहिनींनी बजावलं होतं. पण मला तोच हवा होता. ताप असला की मुलगी मांडीवरून उतरायची नाही. तेव्हा तिचं डोकं डाव्या कोपरात घेऊन फक्त मनगटं हलवत विणायला मी शिकले. कपाळ गार लागलं की ओळ पुरी करायची, गरम लागलं की सुया बाजूला ठेवून पाण्याची पट्टी घालायची. अशी त्या स्वेटरची पाठ पूर्ण झाली.

ती बरी असली की वेगळाच प्रश्न असायचा. सुया मी पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. त्या बाहेर काढून टिकटिक सुरू झाली की मुलगी असेल तिथून धावत यायची आणि थेट लोकरीच्या गुंड्यावर झडप घालायची. मी दाराआड बसून पाहिलं, मोरीत स्टूल टाकून पाहिलं. अंगणात ती पेरूच्या पानांशी खेळत असली तरी आतली टिकटिक तिला कळायची. तिनं ओढून उसवलेल्या ओळींची मी मोजदाद ठेवली नाही, हेच बरं.

डिसेंबरमध्ये तिला गोवर निघाला. साताऱ्याहून सासूबाई धावत आल्या. त्यांनी कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला, खिडक्यांना चादरी लावल्या, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझा जीव खूप हलका झाला. पण त्यांना माझं विणणं बघवेना.

"लेकरू एवढं आजारी, आणि तुला सुया हलवायला सुचतं?" त्यांनी विचारलं.

"ती झोपलीय, आई."

"झोपली तरी आईनं जवळ बसावं."

"जवळच बसलेय की. हात रिकामे असले तर मी रडत बसेन. मग तुम्हाला दोघींकडे बघावं लागेल."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यानंतर मी सुया काढल्या की भांड्यांचा आवाज वाढायचा.

गोवर मावळला आणि मागोमाग तिचे कान वाहायला लागले. आधी उजवा, मग डावाही. वसाहतीच्या दवाखान्यात औषधं झाली, थेंब झाले, कापसाचे बोळे झाले. जानेवारीत कान कोरडे पडले, ताप गेला, मुलगी पुन्हा खाऊ लागली. सासूबाईंनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि म्हणाल्या, "सुटलो एकदाचे."

त्यानंतरच्या एका दुपारी मी पलंगावर बसून स्वेटरची पुढची बाजू विणत होते. मुलगी माझ्याकडे पाठ करून फरशीवर वाट्या एकात एक घालत होती. वेणी छान वळत होती. वीतभर विणून झालं तेव्हा मी मान वर केली. इतकं निवांत विणकाम मला कधीच मिळालं नव्हतं. मुलगी शहाणी झाली वाटतं, असं मनात आलं आणि मी खूश होऊन पुढची ओळ घेतली.

ती ओळ काही पुरी झाली नाही. आज ही लोकर ओढायला का आली नाही, या विचारानं हात थांबले.

मी सुया एकमेकींवर जरा जोरात वाजवल्या. ती वाट्याच घालत राहिली. मी हळू आवाजात "राणी" म्हणून हाक मारली. काही नाही. मग मी उठून डब्याचं झाकण फरशीवर टाकलं, तेव्हा ती दचकून वळली आणि मला बघून हसली. तिला ऐकू येत होतं, पण सगळं नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो चपला काढत होता.

"अगं, सकाळी भोंगा झाला तर ती खिडकीकडे पळाली. मी निघताना बघितलं."

"भोंगा तर अख्ख्या भोपाळला ऐकू येतो. सुया ऐकू येत नाहीत तिला."

"खेळात रमली असेल."

सासूबाईंचंही तेच मत पडलं. "मुकाट्यानं खेळतेय तर खेळू दे. पोर शांत झालं, त्यात काळजी कसली?"

पण मला चैन पडेना. मागच्या काही आठवड्यांतलं एकेक आठवायला लागलं. दिवाळीत ती पाच-सहा शब्द बोलायची. आई, बाबा, दुदू, पेरूला हिंदीतल्या अमरूदवरून अमू. आता फक्त बोट दाखवत होती. आजारपणानं हिरमुसलीय, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथले मुलांचे डॉक्टर वयस्क होते, आवाज खणखणीत. त्यांनी तिला हाक मारली, ती लगेच वळली. त्यांनी टाळी वाजवली, ती पुन्हा वळली.

"ठीक तो है," ते हिंदीत म्हणाले. मग माझा चेहरा बघून थांबले. "आपको क्या लगता है?"

मला हिंदीत नीट सांगता येईना. मी पिशवीतून विणकाम काढलं, मुलीला टेबलापाशी उभं करून त्यांच्या पेपरवेटशी खेळायला लावलं आणि तिच्या मागे बाकावर बसून विणायला लागले. डॉक्टर बघत राहिले. ती वळली नाही. मी मोडक्या हिंदीत सांगितलं, की गोवर निघण्यापूर्वी हीच मुलगी अंगणातून धावत येऊन लोकर ओढायची.

डॉक्टरांनी तिला जवळ घेतलं आणि दोन्ही कानांत पुन्हा दिवा घालून सावकाश पाहिलं. पडद्यामागे पाणी साचलंय, ते म्हणाले. गोवरानंतर असं होऊ शकतं. मोठे आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. बऱ्याचदा आपोआप उतरतं, नाही उतरलं तर छोटंसं ऑपरेशन करून काढता येतं. त्यांनी औषध लिहिलं आणि मला विचारलं, "आप रोज़ बुनती हैं?"

"रोज़."

"तो रोज़ बुनिए. इसके पीछे बैठकर. और मुझे बताइए, मुड़ती है या नहीं."

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मुलीला मांडीवर घेऊन बराच वेळ तिच्या कानामागून हात फिरवत राहिल्या. दुपारी भांडी आवरून झाली तेव्हा त्याच म्हणाल्या, "चल, विणायला बस. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

त्या दिवसापासून आमच्या घरात विणकामाला औषधाच्या वेळेसारखी शिस्त आली. मी पलंगावर बसायचे, सासूबाई दारात उभ्या राहून नातीवर नजर ठेवायच्या. मी कामात गुंतले तर हाक मारून आठवण करून द्यायच्या. बाहेर बायका गहू निवडायला जमल्या की वहिनी म्हणायच्या, "इकडे या ना, सगळे मिळून बसू," आणि सासूबाई ठणकावून सांगायच्या, "ती आत्ता येणार नाही. ती विणतेय."

मुलगी मात्र वळली नाही. फेब्रुवारी आला, एक बाही झाली, दुसरी सुरू झाली. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी दिली. त्या बाईंनी तपासून ऑपरेशनचा दिवस ठरवला. प्रत्येक पडद्याला बारीक छेद द्यायचा, पाणी काढायचं आणि एक इवलीशी नळी बसवायची.

ऑपरेशनच्या दिवशी नवऱ्यानं रजा घेतली. मुलीला आत नेलं तेव्हा ती माझ्याकडे हात करून रडत होती. दार बंद झालं आणि आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. नवरा उठायचा, चार पावलं जायचा, परत यायचा. मी पिशवीतून बाही काढली. दोनदा टाका सुटला. सासूबाई माझ्या शेजारी सरकल्या, लोकरीचा गुंडा त्यांनी ओंजळीत घेतला आणि मला लागेल तशी लोकर सैल सोडत राहिल्या.

"ही बाही लांब नाही ना होत?" त्यांनी विचारलं.

"वाढत्या अंगाची करतेय, आई."

"कर. चांगली लांब कर."

बाहीला शेवटचे टाके राहिले होते तेव्हा दार उघडलं. डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. सगळं व्यवस्थित झालं होतं.

संध्याकाळी ऑटोनं घरी निघालो. ऑटो सुरू झाला आणि मुलीनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. मी घाबरले, दुखतंय वाटलं. पण ती रडत नव्हती. ती डोळे मोठे करून ऑटोवाल्याच्या पाठीकडे बघत होती. रस्त्यात एक हॉर्न वाजला, तिनं त्या बाजूला मान वळवली. दुसऱ्या बाजूनं सायकलची घंटी वाजली, तिकडे वळवली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. घर येईपर्यंत त्यानं माझा हात धरून ठेवला होता.

घरी आल्यावर ती मोरीच्या दारात जाऊन उभी राहिली. नळ गळत होता. तो आम्ही आलो तेव्हापासून गळत होता, आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. ती खाली वाकली, बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, "टप." मग पुन्हा, "टप." सासूबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी अंगणात होती. मी मुद्दाम आतल्या खोलीत, पलंगाच्या पलीकडे जमिनीवर बसले आणि गळ्याची पट्टी विणायला घेतली. दुसरीच ओळ चालू होती. बाहेरून पावलांचा आवाज आला, पडदा हलला, आणि एक छोटा हात माझ्या खांद्यावरून आला आणि त्यानं लोकर धरून जोरात ओढली. सुई निघाली. गळ्याच्या दोन्ही ओळी उसवून गुंडा पार स्वयंपाकघरात गेला, त्याच्यामागे ती गेली.

मी तशीच रिकामी सुई हातात धरून बसले होते. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होत्या, "आली ना? मी म्हटलं होतं येईल."

त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. पण मी "हो" म्हटलं.

स्वेटर पुरा झाला तेव्हा थंडी संपत आली होती. वहिनींनी तो उलटा करून शिवण पाहिली, वेणी बोटानं चाचपली. "पहिल्याच स्वेटरमध्ये एवढं? मला नसतं जमलं," त्या म्हणाल्या. मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

मुलीला मात्र थंडी-ऊन यांच्याशी देणंघेणं नव्हतं. स्वेटर घातल्याशिवाय ती बाहेर पडेना. पाडव्याला वसाहतीतल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. भोपाळची उन्हं तापली होती, सगळे सुती कपड्यांत, आणि ही शेंदरी लोकरीचा स्वेटर गळ्यापर्यंत बटणं लावून. काढायला गेलं तर किंचाळायची. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. घाम आला तर पुसू."

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. दोन महिन्यांत तिला हवे तेवढे शब्द फुटले होते, निम्मे मराठी, निम्मे वहिनींकडचे हिंदी. व्यासपीठावर मंडळाच्या अध्यक्षबाई बोलायला उभ्या राहिल्या. मुलगी माझ्या मांडीवरून उतरली, पुढच्या रांगेतल्या प्रत्येकाजवळ गेली आणि छातीवरची वेणी दाखवून मोठ्यानं सांगायला लागली, "आईनं केलं. देखो. आईनं केलं."

मी तिला आणायला उठले, तर सासूबाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. अध्यक्षबाईंना भाषण दोनदा थांबवावं लागलं.