आत्याची दोन बोटं

चाळीस वर्षं शर्टांची काजं करून आत्याच्या मनगटातली नस दबली. पहिल्याच दिवशी तिला डोळे मिटायला लावून डॉक्टरीणबाईंनी तिची दोन बोटं एकदम धरली.

"एकच धरलंय," आत्या म्हणाली.

बाई म्हणाल्या, "नस दबली की मेंदूतही शेजारशेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात. ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून बघू."

"जन्मभर मी टोचलं, आता मला टोचा!" आत्या फणकारली.

आज आठवा आठवडा. जमलं नाही तर ऑपरेशन. आत्याचे डोळे मिटलेले, माझा जीव टांगणीला. बाईंनी पुन्हा तीच दोन बोटं धरली.

"सांगा, कुठलं बोट?"

आत्याच्या कपाळावर आठ्या. मग खेकसलीच, "कुठलं काय? दोन्ही धरलीत की! म्हातारीला फसवता होय?"