देवघर पुढे, कपाट मागे

भैरवगढचं भाड्याचं घर सोडून नानाखेड्याच्या फ्लॅटमध्ये जायला आई एकाच अटीवर तयार झाली. देवघर सगळ्यात पुढे राहील, आणि त्याला कपाट-बिपाट खेटणार नाही. "त्याची काच तडकली, तर मी तिथूनच परत फिरेन," तिनं बजावलं. आई बोलल्याप्रमाणे करते.

मेहुण्याची जीप आणि तिला जोडायची दोनचाकी ट्रॉली मिळाली होती. आठवडाभर मी बाथरूममधल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू तोलून यादी केली. सामान तीनशे वीस, ट्रॉली एकशे ऐंशी, एकूण पाचशे किलो. ट्रॉलीला झेपण्यासारखं होतं. अटीप्रमाणे देवघर पुढे बांधलं, भोवती गाद्या. लोखंडी कपाट, पाटा-वरवंटा आणि पुस्तकांची खोकी अगदी मागे.

मोकळा रस्ता लागल्यावर मेहुण्यानं जरा वेग घेतला आणि ट्रॉली मागे डावी-उजवी डोलायला लागली. जीपही तिच्याबरोबर हलू लागली.

"भाऊजी, ही तर वरातीत नाचतेय!" मेहुणा ओरडला.

"ब्रेक मारू नकोस! स्टिअरिंग सरळ धर, नुसता पाय काढ!" मी मागच्या बाकावरून म्हणालो.

वेग उतरला तशी ट्रॉली शांत झाली. पुढच्या सीटवर बसलेल्या आईनं डोळे उघडले. "काच?"

काच शाबूत होती. रस्त्याकडेला थांबून मी ट्रॉली सोडवली आणि तिच्या पुढच्या दांड्याच्या हुकाखाली वजनकाटा ठेवला. आठ किलो! माझ्या यादीत प्रत्येक डब्याचं वजन होतं, पण ते चाकांच्या पुढे आहे की मागे, हा रकानाच नव्हता.

"पाचशेतले निदान पन्नास हुकावर हवेत," मी म्हणालो. "नाहीतर मागचा भार ट्रॉलीला डोलवतो. कपाट पुढे घ्यावं लागेल."

"देवांच्या जागेवर?" आई.

"काकू, देवांना जीपमध्ये बसवू ना," मेहुणा म्हणाला. "एकदम फ्रंट सीट, बेल्टसकट."

आईनं विचार केला. जीप ट्रॉलीच्या पुढेच असते, हे तिला पटलं.

मग आम्ही कपाट आणि खोकी चाकांच्या किंचित पुढे, तळाशी ठेवली, गाद्या मागे टाकल्या आणि दोर आवळले. काटा पंचावन्नवर आला. देवघर आईच्या सीटवर गेलं. आई मागच्या बाकावर भांड्यांच्या पोत्यांशेजारी, माझ्या जागेवर बसली. मला जागा उरली नाही, आणि चालत्या ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही हे मीच दोघांना सकाळी दोनदा ऐकवलं होतं.

ट्रॉली एका रेषेत निघून गेली. मी वजनकाटा मांडीवर घेऊन ई-रिक्षानं पोचलो.

आई देवघराची काच पदरानं पुसत होती. तिची पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली होती, म्हणजे मुक्काम पक्का.

"उशीर केलास," ती म्हणाली. "तुझं वजन यादीत धरलं नव्हतंस का रे?"

अठ्ठ्याहत्तर किलो. खरंच नव्हतं.