शेवटचा मॉनिटर

आमच्या शेजारचे काका हायवेवर कधी येत नाहीत. मॉरिसव्हिलच्या देवळातही आतल्या रस्त्याने, लांबून जातात.

गाडीच्या इन्स्पेक्शनचा उद्या शेवटचा दिवस होता, आणि दुरुस्तीनंतर मी शहाण्याने इंजिनच्या बिघाडाचा दिवा स्कॅनरने घालवला. त्यासरशी गाडीच्या कॉम्प्युटरमधले धुराची तपासणी करणारे मॉनिटरही कोरे झाले. ते रेडी नसले की गाडी नापास.

"ते परत रेडी व्हायला हायवेवर एका स्पीडने चालवावी लागेल," काका म्हणाले आणि स्कॅनर घेऊन शेजारी बसले. "तू रस्ता बघ, मी हे बघतो."

ट्रक खेटून गेले, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"साठच ठेव... झाला शेवटचा!"

घरी उतरल्यावर मी म्हटलं, "काका, चहा?"

गाडीचं दार घट्ट धरून ते म्हणाले, "थांब जरा. पाय थरथरतायत."